ऊन पाहून खत घाला: सावलीतल्या लॉनचं वर्षभराचं खत आणि तण नियोजन

झाडाखालचं लॉन पिवळट आणि विरळ दिसायला लागलं की आपला हात आधी खताच्या पोत्याकडे जातो. माझाही गेला होता. घरापुढच्या उघड्या लॉनला जे खत ज्या मापाने घातलं, तेच मागच्या मोठ्या झाडाखाली घातलं. पंधरा दिवस दृष्ट लागावी असं हिरवं दिसलं. मग पाती लांबुडकी, लुसलुशीत होऊन आडवी पडली, त्यांच्यावर पीठ सांडल्यासारखी भुरी आली, आणि दोन महिन्यांत तिथे आधी दिसत होती त्यापेक्षा जास्त माती दिसू लागली. भरीला त्या मोकळ्या मातीत तण.

झालं काय, ते समजून घेतलं की पुढचं सगळं वेळापत्रक आपोआप समजतं. खताला आपण झाडांचं अन्न म्हणतो, पण गवताचं खरं अन्न म्हणजे साखर, आणि ती गवत उन्हात स्वतः तयार करतं. खतातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळालं की गवत पाती वाढवायच्या मागे लागतं, आणि त्या वाढीचा खर्च साखरेतून होतो. उन्हातलं गवत तो खर्च सहज भागवतं. सावलीतल्या गवताची कमाईच कमी, त्यामुळे ते मुळांत साठवलेली पुंजी काढून पानांवर उधळतं. मुळं तोकडी राहतात, फुटवे कमी येतात, पानाची त्वचा पातळ होते आणि बुरशीचं फावतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तसं इथे ऊन पाहून खत घालायचं.

आधी ऊन मोजा

खताचं माप काढण्याआधी एक दिवस उन्हासाठी द्या. गवत वाढीला लागलेलं असताना, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला एकाच जागेवरून मोबाइलने फोटो काढा. रात्री ते ओळीने पाहिले की कोणत्या कोपऱ्याला किती तास ऊन मिळतं ते कळतं. अंदाजावर जाऊ नका. आपल्याला नेहमी असतं त्यापेक्षा जास्त ऊन आठवतं.

दिवसाला सहा तासांहून जास्त थेट ऊन मिळत असेल तर त्या भागाला सावलीतला भाग म्हणायचं कारण नाही, तिथे नेहमीचं माप चालेल. चार ते सहा तास, किंवा दिवसभर पानांमधून झिरपणारं चांगलं कवडशांचं ऊन असेल, तर हा लेख त्याच भागासाठी आहे. चार तासांच्या खाली सावली सोसणाऱ्या जातीही रडतखडत जगतात. तीनच्या खाली गेलात तर खत, बी, पाणी, मेहनत सगळं वाया. त्या जागेचं काय करायचं ते शेवटी पाहू.

सावली भिंतीची की झाडाची, हेही टिपून ठेवा. भिंतीच्या सावलीत थेट ऊन नसलं तरी मोकळ्या आकाशाचा उजेड मिळतो आणि मातीत कोणी वाटेकरी नसतो. झाडाखाली मात्र दुहेरी मार असतो. पानं उजेडातला गवताच्या कामाचा लाल आणि निळा भाग आधीच खाऊन टाकतात, आणि उरलेल्या उजेडात गवत उंच ताणलं जातं. शिवाय झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांश वरच्या तीस सेंटीमीटर मातीतच, म्हणजे गवताच्या मुळांच्या शेजारी पसरलेली असतात, तीही झाडाच्या घेराच्या बरीच बाहेरपर्यंत.

थोडी छाटणी करून ऊन वाढवता येत असेल तर ते खताच्या दहा पोत्यांहून मोलाचं. जमिनीपासून दोन ते तीन मीटरपर्यंतच्या खालच्या फांद्या काढल्या की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत शिरतं. मात्र एका वर्षात झाडाच्या जिवंत पानोऱ्यापैकी पाव हिश्शापेक्षा जास्त काढू नका. मोठ्या फांद्यांसाठी जाणकार माणूसच बोलवा.

गवत कोणतं आहे?

बऱ्याच ठिकाणी खरी अडचण इथेच असते. हरळी, म्हणजेच लॉनच्या भाषेतलं बर्म्युडा, सावलीत टिकत नाही. कितीही लाड करा, ते उन्हाच्या दिशेने सरकत जातं आणि मागे टक्कल ठेवतं. उष्ण हवामानात सावलीसाठी सेंट ऑगस्टीन आणि रुंद पानांचं कार्पेट ग्रास ही भरवशाची गवतं. बारीक पानांचं झॉयशिया मध्यम सावली सोसतं. थंड हवामानात फाइन फेस्क्यू गटातल्या जाती, म्हणजे क्रीपिंग रेड, च्युइंग्ज आणि हार्ड फेस्क्यू, सर्वांत पुढे. त्यांच्यामागे टॉल फेस्क्यू. केंटकी ब्लूग्रासच्या बहुतेक जातींना भरपूर ऊन लागतं. जात चुकीची असेल तर खताचं वेळापत्रक पाळून फार तर एखादं वर्ष पुढे ढकलाल.

माती परीक्षणही याच टप्प्यावर करून घ्या. झाडाखालची आणि उघड्यावरची माती वेगवेगळी द्या. सामू, म्हणजे मातीचा पीएच, ६ ते ७ च्या दरम्यान असला की पुरे. अहवालात गरज दिसल्याशिवाय चुना टाकू नका. स्फुरदाचंही, म्हणजे फॉस्फरसचंही, तसंच. जुन्या लॉनमध्ये ते बहुधा पुरेसं असतं आणि जास्तीचं वाहून जाऊन तळ्या-ओढ्यांत शेवाळ माजवतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने तर २००५ पासून राज्यभर लॉनच्या खतातल्या स्फुरदावर निर्बंध घातले; नवं लॉन लावताना किंवा परीक्षणात कमतरता दिसली तरच मोकळीक.

माप: निम्म्यावर या

उन्हातल्या लॉनला वर्षभरात दर चौरस मीटरला साधारण १० ते २० ग्रॅम नत्र देतात. सावलीत त्याच्या निम्मं, म्हणजे ५ ते १० ग्रॅम. फाइन फेस्क्यू मुळात अल्पाहारी, त्याला ५ ग्रॅममध्ये वर्ष निघतं. एका वेळी अडीच ग्रॅमच्या पुढे जायचं नाही, हा माझा सावलीतला पक्का नियम.

हे ग्रॅम नत्राचे, खताचे नव्हेत. इथे गल्लत होते. पोत्यावरच्या तीन आकड्यांतला पहिला आकडा नत्राची टक्केवारी सांगतो. २०-५-१० असं लिहिलेल्या खतात २० टक्के नत्र. अडीच ग्रॅम नत्र हवं तर अडीचला ०.२० ने भागा: दर चौरस मीटरला साडेबारा ग्रॅम खत. सावलीतला भाग ८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असेल तर ४० चौरस मीटर, म्हणजे ५०० ग्रॅम. लांबी-रुंदी टेपने मोजा, आणि खत स्वयंपाकघरातल्या नव्हे तर वेगळ्या काट्यावर.

युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्यामुळे तेवढ्याच जागेला जेमतेम २१७ ग्रॅम लागेल. इतकं थोडं खत चाळीस चौरस मीटरवर सारखं पसरणं कठीण. जिथे मूठ सैल पडली तिथे गवत जळून ठिपके पडतात. वापरायचाच तर कोरड्या वाळूत मिसळून वापरा आणि लगेच पाणी द्या, कारण वर पडून राहिलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. मी स्वतः सावलीत मंद गतीने विरघळणारं दाणेदार खत किंवा चाळलेलं कंपोस्ट वापरतो. एकदम उसळी येत नाही, आणि सावलीत आपल्याला नेमकी ती उसळीच टाळायची असते.

पसरताना मोजलेल्या खताचे दोन भाग करा. अर्धं लांबीच्या दिशेने, अर्धं आडवं. पाती कोरडी असताना टाका, मग पाणी द्या म्हणजे दाणे पानांवरून मातीत उतरतात. फरशीवर, रस्त्यावर उडालेले दाणे झाडून परत लॉनवर घ्या. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा.

खत कधी?

महिन्यांची नावं मुद्दाम देत नाही. ती प्रदेशागणिक बदलतात. खुणा बदलत नाहीत.

थंडीतलं गवत, म्हणजे फेस्क्यू, ब्लूग्रास वगैरे, थंड पण गोठलेल्या नसलेल्या हवेत जोमात असतं. त्याचा मुख्य हप्ता पानगळीच्या दिवसांत. पानझडी वृक्षाखालच्या लॉनला वर्षातून दोनदा ऊन भेटतं: पानं गळून गेल्यापासून गवत थंडीने थांबेपर्यंत, आणि हिवाळा संपल्यापासून झाडाला नवी पालवी भरेपर्यंत. या दोन खिडक्यांत गवत वर्षाची कमाई करून घेतं. म्हणून पहिले अडीच ग्रॅम उन्हाळ्याची काहिली ओसरल्यावर, आणि दुसरे अडीच झाडाची बरीचशी पानं उतरल्यावर, पण गवत अजून हिरवं आणि वाढतं असताना. जमीन गोठल्यावर टाकलेलं खत गवताला मिळत नाही, वाहून जातं. वसंतात गवत फिकट वाटलं तरच एखादा हलका हप्ता. फाइन फेस्क्यूला तोही नको. भर उन्हाळ्यात काहीच नाही. त्या वेळी हे गवत अर्धवट झोपलेलं असतं आणि वर झाडाची गच्च सावली असते.

उष्ण हवामानातल्या गवताचं उलट. थंडीत ते सुस्तावतं, तेव्हा दिलेलं खत तणांच्या पोटात जातं. हिवाळा सरल्यावर लॉन पूर्ण हिरवं होऊ द्या, दोनेक वेळा कापणी होऊ द्या, मग पहिला हप्ता. उन्हाळ्याच्या मध्यावर दुसरा. सेंट ऑगस्टीन मागणी करत असेल तर तिसरा, पण थंडी सुरू व्हायच्या सहा ते आठ आठवडे आधी नत्र बंद. उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत करपते आणि बुरशीला बोलावते. सदाहरित झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत पानगळीची खिडकी नसते. तिथे वाढीच्या मोसमातच खत द्यायचं, आणि वर्षाचं माप पाचाच्या जवळ ठेवायचं.

मधल्या काळात रंग फिका पडला आणि हात शिवशिवले तर लोहाची हलकी फवारणी करा. लोहाने पान हिरवं होतं, पण नत्रासारखी वाढ होत नाही. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

कापणी आणि पाणी, थोडक्यात

सावलीत यंत्राचं पातं एक-दोन सेंटीमीटर वर घ्या. फेस्क्यू साडेसात ते दहा सेंटीमीटर, सेंट ऑगस्टीनही दहाच्या आसपास. पान हेच गवताचं ऊन पकडायचं साधन, ते छाटून आपणच कमाई कापतो. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढायचं नाही. कापलेले तुकडे तिथेच पडू द्या, वर्षाच्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा त्यातून परत मिळू शकतो आणि खताच्या मापात तेवढी सवड होते. गळलेली पानं मात्र थराने साचू देऊ नका. यंत्र फिरवून त्यांचा भुगा केला तर तो गवतात मुरतो. थर जाड असेल तर उचलाच.

पाणी पहाटे किंवा सकाळी, क्वचित पण खोलवर. संध्याकाळी दिलेलं पाणी सावलीतल्या पानांवर रात्रभर राहतं. बोटभर खोल माती चाचपून पाहा: भिंतीच्या सावलीत ती बहुधा ओली लागेल, मोठ्या झाडाखाली ठणठणीत कोरडी.

तण: आधी वाचा, मग उपटा

सावलीतली तणं उन्हातल्या तणांपेक्षा वेगळी असतात. त्यामुळे उन्हातल्या लॉनचा सल्ला इथे जसाच्या तसा लावला तर पैसे फुकट जातात. सर्वांत ठळक उदाहरण क्रॅबग्रास या तणगवताचं. जमिनीचं तापमान सलग काही दिवस १३ अंश सेल्सियसच्या आसपास टिकलं की त्याचं बी उगवायला लागतं, म्हणून त्याआधी उगवणीपूर्व तणनाशक टाकायची पद्धत आहे. पण क्रॅबग्रास उन्हाचं भोक्तं आहे. दाट सावलीत ते फारसं येतच नाही. तिथे हे औषध टाकून एकच गोष्ट साधते: नंतर पेरलेलं गवताचं बीही उगवत नाही. उन्हाच्या कडेला, फरशीलगत पट्टा मारा, झाडाखाली नको.

सावलीत खरोखर भेटणारी मंडळी निराळी. शेवाळ दिसलं तर समजा माती दबलेली आहे, ओल साचते आहे, ऊन नाही, किंवा सामू खाली गेला आहे. फेरस सल्फेटने शेवाळ काळं पडून मरतं, लोखंडी दाताळ्याने ते खरवडून काढता येतं, पण कारण तसंच राहिलं तर ते पुन्हा येतं. शेवाळाने गवत मारलं असं लोक म्हणतात. गवत आधीच गेलेलं असतं, शेवाळ रिकाम्या घरात राहायला येतं.

चिकवीड थंडीत उगवणारं वर्षायू, मुळं वरवरची. फुलायच्या आत हाताने उपटलं तर दोन मोसमांत आटोक्यात येतं. आंबोशीही उपटता येते, पण शेंगा धरायच्या आधी. नंतर हात लावला की शेंगा तडकून बी चौफेर उडतं. लव्हाळ्याची चिवटाई मराठी माणसाला सांगायला नको. वरचं पान ओढलं की खालचे गड्डे जागे होतात. मूठभर असेल तर खुरपीने खोल उकरून गड्ड्यांसकट काढा आणि दर दोन आठवड्यांनी नवे कोंब टिपत राहा; पसरला असेल तर लव्हाळ्यासाठीचं खास निवडक औषध लागतं, साधं रुंदपानी तणांचं औषध त्याला बाधत नाही. शिवाय तो बऱ्याचदा पाणी साचतं ते ठिकाण दाखवून देतो. गळका नळ आधी पाहा.

ग्राउंड आयव्ही आणि जंगली व्हायोलेट हे थंड प्रदेशातल्या सावलीचे जुने भाडेकरू, घर न सोडणारे. ही बहुवर्षायू तणं पानगळीच्या दिवसांत पानांतलं अन्न मुळांकडे पाठवतात. त्या वेळी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, तणनाशक दिलं तर तेही त्याच वाटेने मुळांपर्यंत पोचतं. वसंतात मारलेलं औषध वरची पानं जाळतं, मूळ शाबूत. ट्रायक्लोपायर असलेली औषधं या दोघांवर चालतात, पण सेंट ऑगस्टीनसारख्या उष्ण प्रदेशातल्या गवतांना ती इजा करतात. टू-फोर-डी या रुंदपानी तणांच्या औषधाबद्दलही सेंट ऑगस्टीन हळवं आहे. म्हणून लेबलवर आपल्या गवताचं नाव आहे का, हे तणाचं नाव शोधण्याआधी पाहा.

झाडाखाली तणनाशक: इथे थांबून वाचा

उन्हातल्या लॉनवर चूक झाली तर गवत जातं. सावलीतल्या लॉनवर चूक झाली तर चाळीस वर्षांचं झाड जाऊ शकतं. निवडक तणनाशकं रुंद पानांच्या वनस्पती मारतात, आणि बहुतेक झाडं रुंद पानांचीच. त्यांतलंच डायकांबा हे औषध मातीत ओलाव्याबरोबर खाली सरकतं आणि झाडाची मुळं ते शोषून घेतात. पानं वेडीवाकडी, द्रोणासारखी वळलेली दिसली तर शंका घ्या. मुळं घेराच्या बाहेरही असतात, तेव्हा खोडापासून दोन हात लांब राहिलो म्हणजे झालं, असं समजू नका.

सूचिपर्णी झाडंही सुटत नाहीत. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या इम्प्रेलिस या लॉनवरच्या तणनाशकाला २०१० मध्ये मंजुरी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या वापरानंतर नॉर्वे स्प्रूस आणि व्हाइट पाइनची झाडं करपून मरू लागली. ऑगस्ट २०११ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याची विक्री थांबवायचा आदेश दिला. गवताला काहीच झालं नव्हतं.

म्हणून खत आणि तणनाशक एकत्र असलेलं दाणेदार मिश्रण मी झाडाखाली वापरत नाही, वापरू देत नाही. त्यात औषध तण असलं-नसलं तरी सगळ्या जमिनीवर पडतं, नत्राचं माप उन्हातल्या लॉनचं असतं, आणि खताची वेळ व तणाची वेळ क्वचितच जुळते. त्याऐवजी छोट्या हातपंपाने फक्त तणाच्या पानावर फवारा. वारा नसलेला, कोरडा, फार गरम नसलेला दिवस निवडा. हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी नको, औषध शोषायला पान लागतं. मुलं आणि पाळीव प्राणी लेबलवर सांगितलेला वेळ उलटेपर्यंत लॉनपासून दूर. ग्लायफोसेट हे सरसकट सगळी हिरवळ मारणारं औषध वापरत असाल तर खोडाची हिरवी साल आणि बुंध्यातून फुटलेले कोंब जपा. तिथून ते झाडात जातं.

तण दहा-वीसच असतील तर खुरपी घ्या. पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासात काम होतं.

रिकामी जागा भरा

तण काढल्यावर उरलेलं भोक तसंच ठेवलं तर पुढच्या मोसमात पुन्हा तणच. थंड प्रदेशात उन्हाळा उतरताना फाइन फेस्क्यूचं बी दर चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम पेरा. तणनाशक मारलं असेल तर पेरणीआधी किती थांबायचं ते लेबलवर असतं, बहुधा तीन-चार आठवडे. माती दाताळ्याने ओरखडा, बी टाका, पायाने हलकं दाबा, उगवेपर्यंत वरचा थर ओला ठेवा. वर अर्धा सेंटीमीटर चाळलेलं कंपोस्ट चालेल, पण उघडी पडलेली मुळं झाकायला मातीचा जाड थर टाकू नका. झाडाची मुळं गुदमरतात. दबलेल्या मातीत पोकळ दातांच्या यंत्राने छिद्रं पाडायची तर जाड मुळं चुकवून. सेंट ऑगस्टीन बियांऐवजी मुळं-मातीसकट काढलेल्या छोट्या तुकड्यांनी किंवा तयार गवताच्या चकत्यांनी लावतात, तेही वाढीच्या मोसमाच्या सुरुवातीला. कोवळं गवत तीनदा कापून होईपर्यंत त्यावरून ये-जा बंद आणि रुंदपानी तणनाशकही बंद.

आणि तीन तासांहून कमी उन्हाची ती जागा? तिथे गवताचा हट्ट सोडा. सावलीत रमणाऱ्या, जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती लावा किंवा लाकडाच्या ढलप्यांचा, पालापाचोळ्याचा पाच ते आठ सेंटीमीटर थर द्या. थर खोडाला टेकू देऊ नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. वर्तुळाची कड सुतळी लावून आखण्यापेक्षा गवत स्वतःहून जिथे विरळ होत जातं तिथेच धरा. झाड पसरेल तशी ती दर दोन-तीन वर्षांनी बाहेर सरकवावी लागते, आणि तेवढ्या चौरस मीटरचं खत पुढच्या हिशेबातून वजा करायचं.